गिरणीचा भोंगा आणि तान्ह्या बाळाची दिवसाची झोप : मुंबईतील ‘बाळगोळी’चा सामाजिक इतिहास (१८५४ ते १९५९)

प्रास्ताविक

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बहुतांशी भांडवल, यंत्रसामग्री, संप आणि कामगार संघटना यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीच्या वेतनाचा व कामाच्या तासांचा विचार त्यात अधूनमधून येतो. परंतु ती गिरणीत असताना तिचे तान्हे मूल कोठे होते आणि ते दिवसभर कसे झोपत होते, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. वरवर पाहता हा प्रश्न घरगुती व किरकोळ वाटतो. बाळाला झोपवणे हे आईचे, आजीचे किंवा दाईचे काम. त्याचा औद्योगिक इतिहासाशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

मुंबईतील गिरणगावाच्या बाबतीत मात्र हा संबंध अत्यंत निकटचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वस्तीतील असंख्य तान्ही मुले दिवसा झोपत ती अंगाईने किंवा पाळण्याच्या झोक्याने नव्हे, तर अफूच्या लहानशा गोळीने. या गोळीला ‘बाळगोळी’ असे म्हणत. सरकारी अहवालांत, वैद्यकीय लेखनात आणि अफूविरोधी चळवळीच्या साहित्यात तिचा उल्लेख वारंवार येतो. यांपैकी बऱ्याच लेखनात बाळगोळीची जबाबदारी आईच्या अज्ञानावर किंवा ‘देशी चालीरीती’वर टाकलेली दिसते. हा निष्कर्ष तपासून पाहणे आणि बाळगोळीचा खरा संबंध चालीरीतीशी होता की गिरणीच्या वेळापत्रकाशी, याचा शोध घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) तान्ह्या बाळाला दिवसा झोपवण्याच्या पारंपरिक महाराष्ट्रीय पद्धतीचे स्वरूप पाहणे.
२) गिरणी उद्योगामुळे या पद्धतीत झालेल्या बदलाची कारणे शोधणे.
३) बाळगोळीविषयी शासन, कायदेमंडळ व गिरणीमालक यांनी घेतलेल्या भूमिकांचे परीक्षण करणे.
४) कामगार मातेच्या वेळेचा हक्क आणि बाळाचे आरोग्य यांतील संबंध स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कालखंडाची मर्यादा १८५४ ते १९५९ अशी ठेवली आहे. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली ते वर्ष १८५४ होय, तर भारतात औषधी कारणाखेरीज अफूचे सेवन बंद करण्यासाठी ठरवलेली मुदत १९५९ साली संपली.

पारंपरिक पद्धती : आई हाकेच्या अंतरावर

नवजात बाळाच्या झोपेचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही. नवजात अर्भक दिवसाचे सरासरी १४ ते १७ तास झोपते. मात्र ही झोप सलग नसते. त्याचे जठर लहान असल्यामुळे दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. दिवस आणि रात्र यांतील फरक ओळखणारी शरीराची लय जन्मतः तयार नसते. ती साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हळूहळू आकार घेते. म्हणजेच पहिल्या काही आठवड्यांत बाळाने वारंवार जागे होणे हा दोष नसून त्याच्या जगण्याची ती अट आहे. भुकेने जागे होणे, रडणे, दूध पिणे आणि पुन्हा झोपणे हे चक्र चालू राहण्यासाठी दूध पाजणारी व्यक्ती जवळ असणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील पारंपरिक बालसंगोपन याच चक्राभोवती उभे होते. सकाळी तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालणे, ओवा, वेखंड, बाळंतशेपा यांची धुरी देणे, अंग शेकणे, दुपट्यात घट्ट गुंडाळणे आणि मग पाळण्यात किंवा झोळीत घालणे, हा क्रम घरोघरी पाळला जाई. न्हाण्यानंतर बाळाला लागणारी दीर्घ झोप ही दिवसाची मुख्य झोप समजली जाई. बाळगुटीतील हळकुंड, वेखंड, हिरडा, सुंठ, मुरुडशेंग इत्यादी द्रव्ये सहाणेवर उगाळून देत. झोप नीट लागावी म्हणून जायफळाचे एक-दोन वेढे त्यात घालत. आजच्या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नवजात बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, आणि धुरीचा धूर किंवा घट्ट गुंडाळणेही निर्धोक मानले जात नाही. तथापि, एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. हे सारे उपचार रोज कोणीतरी जाणत्या बाईने समोर बसून, मात्रा वेढ्यांनी मोजून आणि बाळाची प्रकृती पाहून करावयाचे होते. त्यासाठी माणूस आणि वेळ दोन्ही लागत.

शेतावर काम करणाऱ्या कष्टकरी स्त्रीलाही विश्रांती मिळत होती असे नव्हे. बाळंतपणानंतर लवकरच तिलाही कामाला जावे लागे. पण शेताच्या बांधावरील आंब्याच्या किंवा बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असे आणि बाळ रडले की खुरपे खाली ठेवून तिला तेथवर जाता येत असे. काम कष्टाचे होते, मजुरी तुटपुंजी होती. तरीही आई आणि झोळी यांतील अंतर हाकेचे होते. गिरणीने बदलले ते नेमके हे अंतर.

अफूच्या प्राचीनतेचा प्रश्न

बाळाला अफू देण्याची प्रथा ‘अनादी काळापासून’ चालत आली आहे, असे विधान वसाहतकालीन लेखनात आढळते. या विधानाला प्राचीन वैद्यकग्रंथांचा आधार मिळत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळाचे निवासस्थान, अंथरूण-पांघरूण व त्यांचे धूपन यांचा सविस्तर विचार आहे. परंतु चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये अफूचा समावेश नाही. आयुर्वेदीय औषधांत ‘अहिफेन’ म्हणून अफू येते ती मध्ययुगात, शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून. त्यानंतर पश्चिम व मध्य भारतात तिचा औषधी आणि सामाजिक वापर पसरला, हे मान्य करावे लागते. अतिसार, खोकला, वेदना यांवर ती घरगुती औषध म्हणून वापरली जाई आणि क्वचित मुलांनाही दिली जाई. मात्र दुखण्यावर प्रसंगी दिलेली मात्रा आणि आई कामावर गेली म्हणून रोज ठरलेल्या वेळी दिलेली गोळी, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अफू मुंबईत इतक्या सहज उपलब्ध का होती, याचे कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यापारातून मुंबईत मोठा पैसा जमा झाला. अमर फारुकी यांच्यासारख्या इतिहासकारांनी मुंबईच्या जडणघडणीतील अफूच्या व्यापाराचे स्थान विस्ताराने दाखवून दिले आहे. देशांतर्गत विक्रीही सरकारच्या परवानापद्धतीखाली चाले आणि १८७८ च्या अफू कायद्याने ती नियंत्रित होत असे. अफू हे बंदी असलेले द्रव्य नव्हते. ते सरकारच्या महसुलाचे साधन होते. ज्या व्यापारातील भांडवलाने या शहराच्या औद्योगिक उभारणीला हातभार लावला, तोच पदार्थ पुढे गिरणीतील कामकरणीच्या घरात बाळ झोपवण्यासाठी आला.

गिरणीचे वेळापत्रक आणि चाळीतील खोली

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार होते व त्यांत स्त्रियांचे प्रमाण साधारणतः एक पंचमांश होते. रत्नागिरी, सातारा, पुणे इत्यादी जिल्ह्यांतून आलेल्या या स्त्रिया प्रामुख्याने रीळ खाते व वाइंडिंग खाते येथे काम करीत. त्यांची भरती व देखरेख ‘नायकीण’ करीत असे. मजुरी मुख्यत्वे कामाच्या नगावर ठरे. म्हणून बाळाला पाजण्यासाठी उठावे तर तेवढी मजुरी बुडे.

कामाच्या तासांचा कायदा हळूहळू बदलत गेला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने प्रौढ स्त्रियांच्या तासांवर कोणतेही बंधन घातले नव्हते. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा व एकूण दीड तासाची विश्रांती ठरवली. सर्वांसाठी दुपारी अर्ध्या तासाची सुटीही बंधनकारक केली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास आणि १९३४ च्या कायद्याने ५४ तास अशी मर्यादा आली. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर, अगदी ११ तासांच्या दिवसातही, दर दोन-तीन तासांनी दूध मागणाऱ्या बाळाला जागा नव्हती. घर जवळ असेल तर दुपारच्या सुटीत एकदा पाजून येणे, एवढेच शक्य होते.

घरी बाळाला सांभाळणारे कोण होते? गावी आजी, जाऊ, नणंद असत. मुंबईतील चाळीत पुष्कळदा यांपैकी कोणी नसे. म्हातारी शेजारीण किंवा मोठे भावंड एवढाच आधार असे. त्यातही १८८१ च्या कायद्याने सात वर्षांवरील आणि १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांवरील मुलांना कारखान्यात काम करण्याची मुभा होती. ही मर्यादा बारा वर्षांपर्यंत गेली ती १९२२ साली. परिणामी थोडे मोठे मूल गिरणीत जाई आणि तान्ह्याला सांभाळण्यासाठी त्याहून लहान मूल उरे. सहा-सात वर्षांच्या मुलीने झोळीला झोका द्यावा, पण भुकेल्या बाळाला ती पाजू शकत नव्हती.

राहण्याची परिस्थिती याहून कठीण होती. १९२१ च्या सुमारास शहरातील सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. त्या वर्षी मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे ६६६ इतके नोंदले गेले. एका खोलीच्या बिऱ्हाडात ते ८२८, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ३२२, तीन खोल्यांच्या १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या १३३ असे होते. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. तेथे जन्मलेले मूल मुंबईत दगावले तर त्याचा मृत्यू शहरात नोंदला जाई, परंतु जन्म नोंदला जात नसे. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. तरीही खोल्यांच्या संख्येनुसार दिसणारी ही उतरंड इतकी तीव्र आहे की केवळ नोंदणीच्या दोषाने तिचा उलगडा होत नाही.

बाळगोळीचे कार्य आणि परिणाम

अशा परिस्थितीत बाळगोळी हा उपाय म्हणून पुढे आला. अफू आणि मसाल्याची काही द्रव्ये यांची ही लहान गोळी बाजारात स्वस्तात मिळे. आई कामाला निघण्यापूर्वी ती दुधातून किंवा पाण्यातून बाळाला देई. बाळ काही तास निपचित झोपे. सांभाळणाऱ्या भावंडाला त्रास होत नसे, शेजाऱ्यांची तक्रार येत नसे आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसालाही त्याच खोलीत झोपता येई.

या झोपेची किंमत बाळ चुकती करीत असे. अफूमुळे श्वसन मंदावते, आतड्यांची हालचाल कमी होऊन बद्धकोष्ठ होतो आणि भूक मरते. नवजात बाळाचे यकृत अपरिपक्व असल्यामुळे अफूतील मॉर्फिन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्यामुळे प्रौढाच्या दृष्टीने नगण्य अशी मात्राही त्याला घातक ठरू शकते. हाताने वळलेल्या गोळ्यांत अफूचे प्रमाण एकसारखे असण्याची शक्यताच नव्हती. मात्रा अधिक झाली तर बाळ झोपेतच दगावण्याचा धोका होता. मात्रा बेताची असली तरी ते भुकेसाठी जागे होत नसल्याने दूध कमी पीत असे; पाजणे कमी झाले की आईचे दूधही आटत जाई आणि बाळ दिवसेंदिवस रोडावत जाई. अशा मुलाला अतिसार किंवा श्वसनाचा विकार झाला तर त्याला तोंड देण्याची ताकद त्याच्यात उरत नसे. मृत्यूच्या नोंदीत मग कारण म्हणून तो विकार लिहिला जाई, बाळगोळी नव्हे.

आणखी एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रोजच्या गोळीची सवय लागलेल्या बाळाला एखाद्या दिवशी ती मिळाली नाही तर ते बेचैन होई, अखंड रडे आणि झोपत नसे. ही अफू तुटल्याची लक्षणे होत. आईला मात्र त्यावरून गोळी नसली की बाळ झोपतच नाही, असा अनुभव येई. म्हणजे जी गोष्ट गोळीने निर्माण केली होती, तीच गोळीच्या गरजेचा पुरावा ठरत असे. आईच्या वर्तनात ‘अज्ञान’ पाहणाऱ्या लेखकांनी या अनुभवसिद्ध तर्काची दखल घेतलेली दिसत नाही.

चौकशी आणि आकडे

ब्रिटिश संसदेतील अफूविरोधी गटाच्या मागणीवरून १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयक शाही आयोग नेमण्यात आला. आयोगापुढील साक्षींत पश्चिम भारतात तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे उल्लेख आले. १८९५ च्या अहवालाने मात्र औषधी कारणापुरती अफू मर्यादित करण्याची मागणी फेटाळली. आयोगाचे एक सदस्य हेन्री विल्सन यांनी भिन्नमत नोंदवले. अफूचे सेवन हा भारतीय जीवनाचा अंगभूत भाग आहे, या भूमिकेला अहवालाने बळ दिले. साहजिकच बाळाला अफू देणे ही शासनाच्या दृष्टीने लोकांची चाल ठरली आणि तिच्याशी शासनाचा अथवा गिरणीचा संबंध उरला नाही.

या प्रश्नाकडे कामगार मातेच्या बाजूने पाहिले गेले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांची सक्तीची रजा आणि कामाच्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्ध्या तासाची सुटी, अशा तरतुदी त्यात होत्या. भारताने हा करार स्वीकारला नाही. परंतु त्या अनुषंगाने मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नियुक्ती केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात औद्योगिक कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे नमूद केले आहे.

हा आकडा पुढे अनेकांनी वापरला. सी. एफ. अँड्र्यूज यांच्यासारख्या अफूविरोधी कार्यकर्त्यांनी सरकारच्या अफू धोरणावर टीका करण्यासाठी तो मांडला. जिनिव्हा येथील १९२४-२५ च्या अफू परिषदांच्या पार्श्वभूमीवर त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्व आले. अभ्यासकाने येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, हा आकडा कामगार वस्तीतील पाहणीतून आलेला आहे. तो सबंध मुंबईचा किंवा सबंध भारतीय मातांचा नाही. दोन, त्याचे महत्त्व नेमके त्यातच आहे. प्रथा जर केवळ परंपरेतून आली असती तर ती कामगार स्त्रियांत इतकी सार्वत्रिक का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर चालीरीतीत मिळत नाही. ते कामाच्या तासांत मिळते. शिवाय या अहवालांतून आईचा आवाज थेट ऐकू येत नाही. तिचे म्हणणे चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दांतून येते, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

मँचेस्टरचा पुरावा

बाळगोळी ही ‘हिंदी’ सवय होती, या मताचे सर्वांत सबळ खंडन इंग्लंडच्या औद्योगिक इतिहासात सापडते. मुंबईच्या गिरण्यांनी ज्या लँकेशायरचा कित्ता गिरवला, तेथेही एकोणिसाव्या शतकात कामकरी मातांची मुले ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाच्या अफूयुक्त औषधाने दिवसा झोपवली जात. नॉटिंगहॅम, मँचेस्टर आदी शहरांत हा प्रकार सर्रास होता. कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ या ग्रंथाच्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात यंत्रोद्योगाच्या प्रकरणात, माता कारखान्यात गेल्यामुळे मुलांची होणारी आबाळ व त्यांना दिली जाणारी अफू यांची सरकारी अहवालांच्या आधारे चर्चा केली आहे. १८६८ च्या औषधविक्री कायद्याने इंग्लंडमध्ये अफूच्या विक्रीवर काही निर्बंध आले. अमेरिकेतही ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या मॉर्फिनयुक्त औषधाचा मोठा खप होता आणि १९०६ च्या अन्न व औषध कायद्यानंतर अशा औषधांवर घटकांची नावे छापणे भाग पडले.

लँकेशायरची कामकरी स्त्री आणि परळ-लालबागची कामकरी स्त्री यांचा धर्म, भाषा, आहार व कुटुंबव्यवस्था यांत काहीही साम्य नव्हते. साम्य होते ते गिरणीचे. दोन्ही ठिकाणी आईला ठरलेल्या वेळी घराबाहेर राहावे लागे, दोन्ही ठिकाणी बाळाला ठेवण्यास योग्य जागा नव्हती आणि दोन्ही ठिकाणी अफू स्वस्त होती. समान परिस्थितीतून समान उपाय निघाला, हेच यावरून सिद्ध होते.

कायदा, पाळणाघर आणि आईची वेळ

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते संमत होऊ शकले नाही. त्यानंतर रा. सा. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात असे विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलणे योग्य आहे, अशी त्यांच्या मांडणीची दिशा होती. यातून १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा झाला. त्यानुसार प्रसूतीपूर्वी तीन व प्रसूतीनंतर चार अशा एकूण सात आठवड्यांसाठी रोज आठ आणे मिळू लागले.

कामगार चळवळीचे हे निःसंशय मोठे यश होते. बाळाच्या झोपेच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र त्याची मर्यादाही स्पष्ट होते. प्रसूतीनंतर चार आठवड्यांनी आई गिरणीत परतत असे. बाळाला दिवस व रात्र यांतील भेद कळू लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बाळाच्या झोपेला सर्वाधिक सोबत लागते त्याच काळात कायदा आईला पुन्हा भोंग्याच्या स्वाधीन करीत होता. पाजण्याच्या सुटीची तरतूद तर त्यात नव्हतीच.

पाळणाघर हा दुसरा मार्ग होता. १९२० च्या दशकात मुंबईतील मोजक्या गिरण्यांनी पाळणाघरे सुरू केली. १९२९ साली नेमलेल्या व १९३१ साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगाने पाळणाघरांचा पुरस्कार केला आणि १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार दिला. पाळणाघरामुळे दोन गोष्टी साधत होत्या : बाळ आईच्या जवळ येत होते आणि कामाच्या मधल्या वेळेत त्याला पाजणे शक्य होत होते. बाळगोळीची गरजच त्यामुळे कमी होत होती.

परंतु या सुधारणांचा खर्च एकेका मालकावर पडत असल्याने स्त्रीकामगार ‘महाग’ ठरू लागली. रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांतील बदल आणि मंदी यांच्या जोडीने प्रसूतिलाभाचा हा भारही स्त्रियांना कामावरून कमी करण्याचे एक कारण ठरला. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कित्येक घरांत आई आणि बाळ एकत्र आले ते पाळणाघर मिळाले म्हणून नव्हे, तर आईचे काम गेले म्हणून. या विसंगतीकडे दुर्लक्ष करून केवळ कायद्यांची प्रगती सांगणारा इतिहास अपुरा ठरेल.

अफूच्या बाजूनेही बदल होत होता. १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधी कारणाखेरीज होणारे अफूचे सेवन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला व त्यानुसार १ एप्रिल १९५९ पासून ते बंद करण्याचे ठरले. १८७८ चा अफू कायदा पुढे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने रद्द झाला. दरम्यान १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या कायद्याने मिळाल्या त्या १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने, म्हणजे वॉशिंग्टनच्या करारानंतर ४२ वर्षांनी.

निष्कर्ष

१) बाळाला रोज अफू देऊन दिवसा झोपवण्याची गिरणगावातील प्रथा ही प्राचीन परंपरेचे सातत्य नव्हती. औषध म्हणून परिचित असलेल्या पदार्थाला गिरणीच्या वेळापत्रकाने नवे कार्य दिले.
२) पारंपरिक संगोपनातील सर्व उपचारांचा पाया आईची किंवा जाणत्या स्त्रीची उपस्थिती हा होता. ती उपस्थिती गेल्यावर पाळणा व झोळी राहिली, पण त्यांतील झोप राहिली नाही.
३) इंग्लंडमधील समांतर उदाहरणावरून हा प्रश्न वंशाचा किंवा धर्माचा नसून औद्योगिक श्रमाच्या रचनेचा होता, हे स्पष्ट होते.
४) अफूवरील बंदी आवश्यक होती, परंतु आईला वेळ आणि बाळाला जागा मिळाल्याशिवाय केवळ बंदीने प्रश्न सुटणे शक्य नव्हते.

समारोप

कापड गिरण्यांचे भोंगे आज थांबले आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले आणि बाळगोळी हा शब्दही बहुतेकांच्या विस्मरणात गेला. परंतु बांधकामाच्या जागी, वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात काम करणाऱ्या स्त्रीचे तान्हे मूल दिवसा कोठे झोपते, हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ हे काम सुरू झाले आणि पुढे ते मुंबईतही आले, ते याच गरजेतून. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले; तथापि मुकादमामार्फत काम करणारी, हजेरीपटावर नाव नसलेली मजूर स्त्री अशा तरतुदींच्या कक्षेत सहसा येत नाही.

तान्हे बाळ नीट झोपावे यासाठी मातेला उपदेश करणारे साहित्य विपुल आहे. मुंबईच्या बाळगोळीचा इतिहास एवढेच सांगतो की त्या मातांना आपले बाळ कसे झोपवावे हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्याकडे अंगाई होती, झोळी होती, तेल आणि दुपटे होते. नव्हती ती फक्त वेळ, आणि ती देणे आईच्या हाती नव्हते.